कूलरची टाकी कोण घासतं?

मला कोणी घरी बोलावलं की मी आधी त्यांचा कचऱ्याचा डबा मागते. त्यामुळे अमरावतीत माझं नाव 'कचरेवाल्या मॅडम' पडलं आहे. तायडे मॅडम म्हटलं तर लोक डोकं खाजवतात, कचरेवाल्या म्हटलं की लगेच पत्ता सांगतात. घरची बाई बिचारी पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे ग्लास काढत असते आणि मी म्हणते, "पाणी राहू द्या, डबा दाखवा." ती आधी नवऱ्याकडे पाहते, मग माझ्याकडे. गुलाबाचं बोलायला आलेली ही बाई उकिरडा काहून उपसते, हे तिला कळत नाही.

पण डब्यात भाजीचे देठ किती, चहाचा चोथा किती, संत्र्याची सालं किती, हे पाहिलं की त्या घरात वर्षाला किती माती तयार होईल याचा अंदाज येतो. मग विचारायचं, न्हाणीचं पाणी कुठं जातं? दुपारनंतरचं ऊन कोणत्या भिंतीवर येतं? वारा कुठून शिरतो? घरातून जे बाहेर फेकलं जातं, ते दारातल्या झाडाच्या तोंडी कसं लागेल ते पाहायचं, आणि झाडाची सावली परत घराच्या अंगावर कशी पडेल ते पाहायचं. एवढाच माझा धंदा. त्याला 'पर्माकल्चर' म्हणतात.

मी कृषी खात्यात कृषी सहायक होते. तीस-बत्तीस वर्षं शेतकऱ्यांना कागदावरचं सांगितलं. निवृत्त झाल्यावर घरच्यांना वाटलं, आता ही नातवंडं सांभाळेल. मी मात्र दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन बसले. तिथले शिकवणारे फळ्यावर बाण काढून सांगत, न्हाणीतलं सांडपाणी केळीला द्या, केळीची पानं मातीवर पसरा. मी मनात म्हणे, अरे बाप्पा, आमच्या मायनं जन्मभर दुसरं काय केलं? फक्त तिनं बाण काढले नव्हते.

या कामाचा पहिला नियम असा, की खोदायच्या आधी नुसतं पाहायचं. जमलं तर वर्षभर. ऊन, पाणी, माणसं, कुत्री, सगळं पाहायचं. आणि आमचं गिऱ्हाईक म्हणते, "मॅडम, रविवारलोक होईन का? सोमवारी व्याही येऊन राह्यले."

एक गृहस्थ होते. त्यांना हॉटेलात असते तशी हिरवीगार लॉन पाहिजे होती. मी समजावलं, की आपल्या उन्हाळ्यात माणूस सुकते, त्या गवताची काय कथा! त्यांनी माझं ऐकलं नाही, दुसऱ्याकडून लॉन लावून घेतली. मे महिन्यात मी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून स्कूटर काढली. पाहते तर व्हरांड्यात गवताकडे तोंड करून कूलर सुरू! गृहस्थ स्वतः आत पंख्याखाली घाम पुसत बसलेले. मला पाहून म्हणाले, "थंडक पाहिजे न त्याले." गवत काही वाचलं नाही, पण तो कूलर माझ्या डोक्यात राहिला. नसता राहिला तर बरं झालं असतं.

दुसऱ्या एका घरी मी मातीवर पालापाचोळा पसरला. उन्हापासून माती झाकायची असते, तोच तिचा पदर. घरची आजी सकाळी उठली, खराटा घेतला, सगळं झाडून काडी लावली. मी पुन्हा पसरला, तिनं पुन्हा पेटवला. "अवं बाई, अंगणात कचरा ठेवून लोकं काय म्हनतीन मले?" शेवटी तह झाला. पाचोळ्याभोवती विटांची कड लावली आणि तिला सांगितलं, आता हे अंगण नाही, वाफा आहे. तरी ती रोज पाचोळ्यावरून खराटा फिरवून छान रेघा काढतेच. काढू दे, मातीला त्याचा त्रास नाही.

अशा गोष्टी सांगून मी महिला मंडळांत पुष्कळ हशा पिकवला. लोक चुकतात आणि मी हसते, असं माझं बरं चाललं होतं. मग अकोल्याचं घर आलं.

संक्रांतीच्या सुमारास नितीन नावाच्या मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, विमा कंपनीत नोकरी. म्हणाला, "मॅडम, बगीच्याचं नाई, माह्या बाबाचं काईतरी करून द्या."

बाबा म्हणजे सुखदेवराव. चांदूर बाजारच्या बाजूचं त्यांचं खेडं. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर त्यांनी संत्र्याची कलमं बांधली. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी जंबेरी या आंबट लिंबाचं रोप वाढवायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीनं बांधायचं. डोळा लागला तर संत्रा. नाही लागला तर जंबेरी, तोंडात टाकली की डोळे मिटायला लावणारी. थंडीच्या दिवसांत पार परतवाड्याचे नर्सरीवाले सुखदेवरावांना न्यायला जीप पाठवत. "माह्या हातचा डोया आजलोक वाया नाई गेला, बाई," हे त्यांनी पहिल्या भेटीत मला पाच मिनिटांच्या आत सांगितलं. पुढे प्रत्येक भेटीत सांगितलं.

बायको गेली, गुडघे गेले, म्हणून नितीननं त्यांना अकोल्याला आणलं. येताना त्यांनी स्वतः बांधलेलं एक कलम मांडीवर घेऊन एसटीतून आणलं होतं. "कंडक्टर म्हने, बाबा, झाडाचं हाफ टिकीट लागते. म्या म्हटलं, माहं फुल काप, पन याले धक्का लागू देऊ नोको." ते कलम त्यांनी घरासमोरच्या मोकळ्या जागेत लावलं. जागा म्हणजे केवढी, तर एक खाट आणि एक बैलगाडी मावेल एवढी. आता कलम तीन वर्षांचं, कमरेच्या वर आलं होतं.

नितीननं गाडी घेतली होती. त्याला त्या जागेत सगळीकडे गट्टू बसवायचे होते, ते सिमेंटचे लाल-करडे ठोकळे. "अर्चनाले पावसाळ्यात चिखलाचा भल्ला तरास होते," तो म्हणाला. अर्चना म्हणजे त्याची बायको. ती चहा ठेवून आत गेली होती.

"बसव गट्टू," सुखदेवराव खाटेवरून म्हणाले. "मी जातो गावाले. माहं इकडे काईच नाई अटकून राह्यलं."

ते नुसतं बोलणं नव्हतं. खाटेखाली थैली भरून ठेवली होती. दोन धोतरं, एक सदरा, कलमाचा चाकू. गावातल्या घराला कुलूप, स्वयंपाक करून घालणारं कोणी नाही, आणि गुडघे असे की न्हाणीपर्यंत जायला भिंत धरावी लागे. नितीन मला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, बाबा तिकडे एकटे गेले त वापस नाई येत. मले समजते थे." शेवटी ठरलं ते असं: मृगापर्यंत गट्टू थांबवायचे. तोपर्यंत ती जागा हिरवी दिसली, संत्रा जगला आणि चिखल झाला नाही, तर माती राहील. नाही तर गट्टू.

म्हणजे माझ्या भरवशावर एक संत्र्याचं झाड होतं आणि त्या झाडाच्या भरवशावर एक म्हातारा माणूस. मी मात्र त्या दिवशी परतीच्या गाडीत खुश होते. अशी केस मिळत नाही म्हटलं.

दर पंधरा दिवसांनी मी अमरावतीहून अकोल्याला जायची. न्हाणीचा पाइप फिरवून केळी आणि अळूकडे नेला. पश्चिमेच्या भिंतीला शेवगा लावला, खिडकीच्या ग्रीलवर दोडका चढवला, म्हणजे त्या खोलीला सावली. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या आखून बाकीच्या मातीवर पाचोळा अंथरला. काकाजी, म्हणजे सुखदेवराव, खाटेवरून हुकूम सोडत आणि मी ते पाळल्यासारखं करत असे. फेब्रुवारीत संत्र्याला बहार आला, मग बोराएवढी फळं धरली. नऊ. काकाजी रोज सकाळी मोजत. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "काकाजी, रात्रीतून दहा झाले काय?" ते गंभीरपणे म्हणाले, "नाई. नऊच हायेत. पन नऊ हायेत न!"

मग एप्रिल आला. आमच्याकडे एप्रिल आला म्हणजे कूलर बाहेर निघतात. नितीनच्या घरचा कूलर मोठा, लोखंडी, हॉलच्या खिडकीला बसवलेला. अकोल्यात नळाचं पाणी रोज येत नाही, ते पिण्याला नि स्वयंपाकाला. कूलर भरायचा तो बोअरच्या पाण्यानं. दर तीन-चार दिवसांनी टाकीतलं घाण पाणी बूच काढून सोडून देत, आणि ते भळाभळा नालीत जाई.

ते पाहून माझा जीव कळवळला. एवढं पाणी, ऐन उन्हाळ्यात, नालीत! 'काहीच वाया जात नाही' हे आमच्या शास्त्राचं ब्रीद. मी लगेच एक नळी आणवली, टाकीच्या बुचाला जोडली आणि तिचं दुसरं टोक थेट संत्र्याच्या आळ्यात सोडलं. एवढ्यावर थांबले नाही. पिण्याच्या फिल्टरमधून वाया जाणाऱ्या पाण्याची बादलीही संत्र्याला लावून दिली. नितीन म्हणाला, "वा मॅडम, मानलं!" मी फोटो काढले. पुढच्या आठवड्यात अमरावतीच्या एका मंडळात ते फोटो मोठ्या पडद्यावर दाखवून टाळ्याही घेतल्या.

नळी जोडत होते तेव्हा अर्चना दारात उभी होती. हातात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या. ती म्हणाली, "मॅडम, थे पानी…"

मी म्हटलं, "सांगते, सांगते. आधी मले हे बूच पाहू दे."

ती आत गेली. मी बूच पाहिलं. पुढे काही तिला सांगितलं नाही, आणि तिला विचारलंही नाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संत्र्याची पानं टोकांनी करपली. काकाजी म्हणाले, उनाया. मीही म्हटलं, उन्हाळा. जुन्या साडीची सावली बांधली आणि पाणी वाढवायला सांगितलं. पाणी वाढवलं म्हणजे काय केलं, तर कूलरची टाकी जास्त वेळा सोडली. पंधरा दिवसांनी गेले तर पानं पिवळी पडून गळत होती. नऊतली चार फळं खाली. अळूच्या कडा जळाल्यासारख्या झालेल्या. मातीवर पांढरट काहीतरी होतं, मला वाटलं काकाजींनी चुलीची राख टाकली. त्या घरात चूल नव्हती, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. म्हातारपणी माणसाची अक्कल जाते म्हणतात, माझी तर ऐन कामाच्या वेळी गेली.

मे संपता संपता गेले तेव्हा फाटकाशी गट्टूंची ट्रॉली रिकामी झालेली होती. लाल-करडे ढीग. संत्र्यावर एक पान नव्हतं. काकाजी झाडाजवळ भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि थैली त्यांच्या मांडीवर होती.

"बाई," ते म्हणाले, "माह्या हातचा डोया वाया गेला."

मी म्हटलं, "काकाजी, ऊन फार…"

"उनाचं नाव नोको घेऊ. आमच्याकडे का ऊन नाई?" ते झाडाकडेच पाहत होते. "तिकडल्या मातीतलं झाड म्या इकडे आनलं. थे त मुकं. मले त समजत होतं न? आता दोघंही गेलो."

मला रडू आलं, लपवत नाही. साठी उलटलेली बाई एका अंगणात उभं राहून डोळे पुसते, हे शेजारच्या गच्चीवरून लोक पाहत होते. पाहू दे म्हटलं.

तेवढ्यात अर्चना पदर खोचून बाहेर आली. झाडाच्या बुडाशी बसली, पाचोळा बाजूला सारला, मातीवरची पांढरी खपली नखानं खरवडली आणि बोट माझ्यापुढे धरलं. "मॅडम, जिभीले लावून पाहा."

मी लावलं. खारं. नुसतं खारं नाही, लोणच्याच्या बरणीच्या तळाशी असते तसं खारं.

"माहं माहेर पूर्नेच्या काठाचं," अर्चना म्हणाली. "आमच्याकडे बोअरच्या पान्यानं वरन शिजत नाई. झाडाले थे पानी कोनी देत नाई. आन हे त कूलरचं! दिवसभर पानी हवेत उडून जाते, मीठ कुठी जाईन? थे टाकीतच राह्यते. दर आठ दिवसाले मी टाकी घासतो, पांढरे पापुद्रे निंगते. फिल्टरच्या बादलीचंही तसंच. गोड पानी आपन पेतो, खारं झाडाले."

खारपाणपट्टा! पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं असते, हे मला काय कोणी नवीन सांगायचं होतं? हा शब्द मी सरकारी अहवालांत इतक्या वेळा लिहिला की पेन आपोआप चाले. पण माझी नोकरी गेली अमरावतीच्या गोड पाण्याच्या गावांत, आणि अकोल्याचं ते पाणी मी एकदाही चाखून पाहिलं नाही. ऊन पाहिलं, वारा पाहिला, कचऱ्याचा डबा तर दोन वेळा पाहिला.

"मंग सांगितलं काहून नाई, बाई?" मी विचारलं.

"तुमी इचारलं कुठी?" ती म्हणाली. रागानं नाही, आज नळ आला नाही हे जसं सांगावं तसं.

एक गोष्ट इथं कबूल करते. नोकरीत असताना मी साहेबलोकांवर फार तोंड टाकलं आहे. साहेब वावरात यायचे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या माणसाला विचारायचे, निंदण कधी केलं? आणि निंदणारी बाई मागं वाकलेली असायची. प्रत्येक मीटिंगमध्ये मी उठून म्हणायची, साहेब, बायांना विचारा. ती मी, पाच महिने त्या घरी चहा पीत होते. चहा करणारीला मी साखर कमी टाक, एवढंच सांगितलं होतं.

संध्याकाळी नितीन आला. गट्टूवाला उद्या येणार होता. मी माझी चूक सांगितली, सगळी, टाळ्यांसकट. नितीननं कपाळाला हात लावला. "आता काय करता मॅडम. झाड त मेलं. आन अर्चनाले चिखल…"

"माह्या नावानं गट्टू आनले," अर्चना मधेच म्हणाली, "मले इचारलं काय कधी?"

नितीन माझ्याकडे पाहू लागला, जसा काही मी त्याला वाचवणार होते. आम्ही दोघं एकाच पंगतीत बसलेलो.

काकाजी तोवर अंगठ्याच्या नखानं झाडाची साल खरवडत होते. वरची फांदी वाळलेली. मधली वाळलेली. कलमाच्या बांधाच्या खाली, अगदी मातीजवळ, साल निघाली आणि आत हिरवं दिसलं. "खुंट जिता हाये," ते म्हणाले. मग वरच्या वाळल्या फांदीकडे पाहून, "पन खुंट म्हंजे संत्रा नाई."

"गट्टू काई पयून नाई चालले," अर्चना म्हणाली. "थंडीलोक राहू द्या माती. पान्याचं मी पाह्यतो."

आणि तिनं पाहिलं. खरवडून पांढरी माती घमेल्यात भरली आणि बाहेर टाकली. फरशी पुसायला, संडासाला, कूलरला बोअर, आंघोळीला नळाचं. म्हणजे न्हाणीतून बाहेर येणारं पाणी गोड. फिल्टरची बादली भांडी घासायला. नळ यायच्या दिवशी तिनं त्या महिन्यात गोधड्या धुतल्या नाहीत, नळी तासभर खुंटाला लावून ठेवली, म्हणजे मीठ खाली उतरावं. मी त्या घराचा नकाशा काढला होता, त्यात पाण्याचे सहा बाण होते. तिनं त्यातले चार खोडले. मी तो नकाशा ठेवून दिला आहे, कधी फार शहाणपण अंगात आलं तर काढून पाहते. पावसाळ्यात गच्चीचं पाणी पन्हाळीनं त्याच आळ्यात आणलं. एवढंच काम माझं, ते मात्र बरोबर निघालं. गट्टू चाकांखालच्या दोन पट्ट्यांना लागले, उरलेल्यांची वाफ्याला कड झाली.

पोळ्याच्या सुमारास खुंटाला कोंब फुटले. दिवाळीपर्यंत एक धुमारा बोटाएवढा जाड झाला. पण काकाजींचे खाटेवरचे हुकूम बंद होते. खाटेखालची थैली तशीच भरलेली. अर्चना झाडताना ती बाजूला सरकवी आणि परत जागेवर ठेवी.

डिसेंबरातल्या एका सकाळी नितीनचा फोन. "मॅडम, बाबा गेले."

माझ्या हातातला कप खाली पडला.

"म्हंजे तसं नाई! थैली घेऊन गेले. आमी उठाच्या आधी. फोन घरीच ठेवला."

तो दिवस कसा गेला ते मलाच माहीत. गावच्या शेजाऱ्यांना फोन केले; ते म्हणाले, दुपारच्या गाडीनं आले, वावराकडे गेले. नितीन निघायच्या तयारीत होता. अर्चनानं त्याला थांबवलं. म्हणाली, एक दिवस पाहू.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास माझ्याच दाराची कडी वाजली. दारात काकाजी. डोक्याला दुपट्टा, काखेत थैली, भिंत धरून उभे. "बाई, च्या ठेवा. आन एक ओला फडका द्या. या काड्या सुकल्या नाई पायजे."

थैलीत धोतर होतं आणि त्या ओल्या धोतरात गुंडाळलेल्या संत्र्याच्या सात-आठ काड्या. त्यांच्या वावरातल्या जुन्या झाडाच्या.

"काकाजी, सांगून त जायचं! पोराच्या जिवाचं पानी झालं."

"सांगतलं असतं त जाऊ देल्लं असतं काय?" ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला. "आन तुमी काय मले सांगून देल्लं होतं खारं पानी?"

मी त्यांना दुसरा कप दिला.

त्याच दिवशी मी त्यांना अकोल्याला घेऊन गेले. नितीन थैली घ्यायला पुढे आला. काकाजींनी दिली नाही. अंगणात बसून त्यांनी चाकू दगडावर घासला. खुंटाच्या त्या जाड धुमाऱ्याला चीर दिली. काडीवरचा डोळा काढायला लागले. डोळा फाटला. दुसरा घेतला, तोही गेला. तिसऱ्याला चाकू त्यांच्याच अंगठ्याला लागला. आजवर ज्या हाताचं कौतुक मी चेष्टेत ऐकलं होतं, तो हात त्यांनी धोतराला पुसला आणि उताणा करून जरा वेळ पाहिला.

मग चाकू अर्चनापुढे धरला. "तू कर."

"मी, मामाजी? मले कुठी येते!"

"टाकीचे पापुद्रे काढतं न? तसंच. सालीले दुखलं नाई पायजे."

तिनं केलं. ते सांगत गेले, ती करत गेली. डोळा चिरेत बसला. बांधायला पट्टी पाहिजे होती, तर काकाजींनी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीचं सोपट, म्हणजे खोडाची चिवट साल, सोलून आणायला लावलं, मला. मी मुकाट्यानं आणलं.

तीन आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा मी तिथं होते. डोळा हिरवा होता. काकाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. शेजारचे एक जण फाटकातून डोकावत म्हणाले, "वा बुवा, लागला म्हना की तुमचा डोया!"

"माह्या हातचा गेला," काकाजी मोठ्यानं म्हणाले. "हा माह्या सुनेच्या हातचा."

आता मी कुठल्याही घरी गेले की कचऱ्याचा डबा मागतेच, पण त्याच्या आधी एक प्रश्न विचारते: घरात कूलरची टाकी कोण घासतं? माणसं गोंधळतात. मग स्वयंपाकघरातून कोणीतरी हात पुसत बाहेर येते, तिच्याशी मी आधी बोलते. आणि पाणी दिलं की पाहुण्यासारखं पीत नाही, चाखते. यावरून माझं नवीन नाव पडेल तेव्हा पडेल.

परवा अकोल्याला गेले होते. नव्या डोळ्यातून निघालेला कोंब वीतभर वाढला आहे. खाटेखाली पाहिलं, थैली नव्हती. ती दाराच्या खिळ्याला होती, शेजारपाजारचा पाचोळा आणायला. मला राहवलं नाही, मी मुद्दाम विचारलं, "काय मंग काकाजी, गावाले कधी जाता?"

"कसा जाऊ, बाई?" ते वैतागून म्हणाले. "फयं धराले तीन वर्षं लागते. आन थिले छाटनी कुठी येते अजून!"

"येते मले छाटनी, मामाजी," अर्चना आतून म्हणाली. "मागच्या आठवड्यातच शिकवली तुमी."

काकाजींनी ते ऐकलंच नाही. माझ्याकडे वळून ते छाटणीचं मला पहिल्यापासून सांगायला लागले.